रविवारी उतरणारी नदी

त्या हंगामात माझ्याकडे काम आलं, ते पाताळगंगा निळी करण्याचं.

आमच्या मोजणी खात्याच्या नकाशांचा नियम साधा होता. बारमाही वाहणारी नदी निळ्या शाईत काढायची, पावसाळ्यानंतर आटणारी काळ्या. जुन्या नकाशात खालापूरजवळची पाताळगंगा काळी होती आणि ती चूक नव्हती. तो नकाशा झाला तेव्हा होळीच्या सुमाराला नदीत खडक आणि वाळूच उरायची, माणसं आणि गुरं चालत पलीकडे जायची. पुढे खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी वीजघर उभं राहिलं. घाटावर अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून खाली येऊन चक्रं फिरवू लागलं आणि काम संपलं की नदीत पडू लागलं. नदी भर वैशाखातही वाहू लागली. आमच्या कागदाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

मी याद्या करणारा माणूस. आजही बाजाराला निघालो तर खिशात चिठ्ठी असते. तळ हलवायचा म्हटलं की कोणत्या गाडीत काय जाणार हे आदल्या दिवशी ठरलेलं असे. कर्जतहून निघालो तेव्हा पहिल्या गाडीत टेबल, तिवया आणि कागदांच्या नळ्या होत्या, दुसरीत तंबू आणि तिसरीत शिधा आणि स्वयंपाकी. स्वयंपाकी कधीही पुढे पाठवायचा नाही; तो सगळ्यात चांगली सावली चुलीसाठी धरतो. बायकामुलांना दहिवलीला बिऱ्हाडात ठेवलं होतं. खालापूरच्या बाहेर आंब्याखाली आमचे तंबू लागले आणि दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत झेंड्या रोवायला माणसं गेलीसुद्धा.

या माणसांना आमच्या खात्यात खलाशी म्हणत. झेंड्या रोवणं, साखळी ओढणं, टेबल वाहणं ही त्यांची कामं. बहुतेकांनी समुद्र पाहिलाही नव्हता. त्यांचा मुख्य साताऱ्याकडचा होता, उंच, मिशाळ, आणि वरिष्ठांसमोरही जिभेला लगाम न घालणारा. मीही घाटावरचाच, पुण्याकडचा, त्यामुळे आमचं जमायचं.

कामाचा माझा क्रम ठरलेला होता. आधी डोंगरांची टोकं, देवळांचे कळस आणि एकटी उभी असलेली मोठी झाडं, मग रस्ते, मग वस्त्या, आणि पाणी सगळ्यात शेवटी. पाणी जागा बदलतं, म्हणून ते शेवटी. बाकी सगळं हंगामाच्या पहिल्या भागात झपाझप उरकलं. माथेरानच्या कड्यापासून घाटाच्या कडेपर्यंत माझा कागद भरत आला. मधे नदीच्या दोन्ही अंगांना एक पांढरा पट्टा तेवढा उरला, आणि तो भरायला गेलो तेव्हा टेबल चिखलात गेलं.

वर्षभर वाहणाऱ्या पाण्याने काठाची सखल जमीन कायमची भिजलेली होती. जुन्या नकाशात जिथे गवताची पड होती तिथे आता लव्हाळी आणि पाणकणसं माजली होती. आम्ही पोटरीभर रुतत चालायचो आणि बगळे जागचे हलायचे नाहीत. आमचं टेबल म्हणजे तीन पायांची तिवई, तिच्यावर सपाट फळी आणि फळीवर ताणलेला कागद. ते पाणसळीत बसलं नाही तर त्यावरची एकही रेघ खरी येत नाही. मी पाणसळीतला बुडबुडा मधे आणायचो, लांबच्या झेंडीवर नेम धरायला वाकायचो, आणि माझ्याच वजनाने चिखल दबून बुडबुडा कडेला पळायचा.

“सायेब,” मुख्य खलाशी म्हणाला, “तुमी जेवून येत जाऊ नका कामावर.”

पहिला उपाय केला तो पाटांचा. तळावरचे जेवायचे पाट नेले आणि तिवईच्या एकेका पायाखाली एकेक ठेवला. त्या दुपारी स्वयंपाक्याने पळी आपटली. “म्हणजे टेबलाने पाटावर बसायचं आणि माणसांनी उकिडवं जेवायचं?” तिवई रुतायची थांबली, पण मी हललो की बुडबुडा हलायचाच. मग लक्षात आलं, टेबल आणि मी एकाच चिखलावर उभे होतो. खलाशांनी बांबू तोडून आणले. चिखलाखालची घट्ट माती लागेपर्यंत चार लांब खांब ठोकले आणि मला उभं राहायला एक माळा बांधला. शेताच्या राखणीला बांधतात तसाच, फक्त बुटका. मधे भोक ठेवलं आणि त्यातून टेबल वर काढलं. टेबलाचं वजन पाटांवर, माझं खांबांवर. बुडबुडा मधे बसला. मी वाकलो, वळलो, मुद्दाम एक उडी मारली. बुडबुडा मधेच. खलाशांनी अशी आरोळी ठोकली की तेवढी ऐकून बगळे एकदाचे उडाले.

माळा उचलायचा, पुढे रोवायचा, पुन्हा उचलायचा. पाणथळीची कड कागदावर सरकत चालली. त्यात एक गोष्ट मात्र जुळेना. शनिवारी काढलेल्या कडेपासून रविवारी, सुट्टीत पाहावं तर पाणी मागे सरलेलं असायचं. मी काठावर खुंट ठोकून पाहिलं. शनिवारी पाण्यात असलेला खुंट रविवारी दुपारी कोरडा उभा. खोपोलीच्या वीजघरातल्या एका फिटरशी माझी ओळख झाली होती. त्याला विचारलं तर तो हसला. “रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद असतात. वीज कमी लागते, मग आम्ही पाणीही कमी सोडतो.” म्हणजे तिकडे मुंबईत भोंगा वाजला नाही की इकडे खालापूरला नदी उतरायची! मी लगेच खलाशांची सुट्टी रविवारवरून गुरुवारी नेली. दोन्ही कडा काढायच्या ठरवल्या, भरल्या नदीची आणि उतरलेलीची.

अशाच एका रविवारी ती आली.

पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एक ठाकरवाडी होती. तिथल्या बायका डोक्यावर मोळ्या आणि पत्रावळींचे भारे घेऊन नदीत उतरल्या. सगळ्यात पुढे एक वयस्कर, काटक बाई होती. एका हातात काठी, दुसऱ्याने भारा तोललेला, पाणी छातीपर्यंत. अलीकडे निथळत आली ती थेट माझ्या माळ्याखाली.

“ए मोजणीदार, त्या माळ्यावर बसून कंची कणसं राखतोस रं?”

“नदी काढतोय, मावशी.”

“काढतोस? काढ, काढ! घेऊनच जा एकदाची. आमाला नको.”

मागच्या बायका खिदळल्या. मी खाली उतरलो. लुगड्याचा पदर पिळता पिळता तिने जे सांगितलं ते असं. वाडीचा बाजार अलीकडे, खालापूरला. नदीतून येता येतं ते फक्त रविवारी. एरवी खोपोलीकडच्या पुलावरून वळसा घालायचा, त्यात दिवस मोडतो.

“आन बाळंतपन काय रविवार बगून येतं का रं? ह्या पावसाळ्याआधी माझी सून मोकळी व्हायचीय. सुईन हाय अलीकडच्या गावात. कशी आनू तिला? उडवून?”

वाडीने साकव मागितला होता. लाकडी खांबांवर फळ्या टाकून केलेला पायपूल, तो साकव. रस्ते-पूल पाहणाऱ्या लोकल बोर्डाचा एक कारकून मागच्या वर्षी जागा पाहायला आला आणि लिहून गेला की इथे साकवाची गरज नाही. नकाशात नदी चालत ओलांडायची जागा दाखवलेली आहे आणि प्रत्यक्षातही ती आहे.

“तुमच्याच कागदात हाय म्हनं, आमी चालत येतो म्हनून,” ती म्हणाली. “मग आता तूच सांग, आमी काय पोवतो का चालतो?”

मी दुसऱ्या दिवशी त्याच जागी लांब बांबू बुडवून पाहिला. माणूस उभाच्या उभा बुडेल इतकं पाणी होतं. जुन्या नकाशाचं ठीक, तो वीजघराच्या आधीचा. पण कारकुनाने प्रत्यक्ष येऊन असं कसं लिहिलं? तो काही आंधळा नसणार. पुढच्या रविवारी ती बाई आली तेव्हा मुख्य खलाशाने तिला सरळच विचारलं, “मावशी, हितं उतार हाय का?”

“हाय की!” ती म्हणाली. “चांगला मोठा हाय. दोनी काठांना. म्हशी पन जातात.”

खलाशाने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे घाटावर, नदीच्या संदर्भात उतार म्हटलं की पायी ओलांडता येईल अशी जागा. हिच्या लेखी उतार म्हणजे काठाची उतरण, दुसरं काही नाही.

“त्या कारकुनाने तुम्हाला काय विचारलं होतं?” मी म्हणालो.

“ह्योच! उतार हाय का म्हनला. मला वाटलं, साकवाची लाकडं कुठून खाली न्यायची ते इचारतोय. मी म्हटलं हाय, झ्याक हाय. खूश झाला आन गेला.”

मी तिला अर्थ समजावून सांगितला.

“म्हंजी माझ्याच तोंडानं मी साकव बुडवला?”

“तुला म्हटलं व्हतं,” मागून एक बाई बोलली, “जरा कमी बोल गं!”

“तू गप गं!” तिने भारा खाली आदळला आणि खलाशाकडे बोट केलं. “आन ह्ये घाटी लोक! उताराला उतार म्हनायचं सोडून पान्याला उतार म्हनतात!”

“आमच्याकडं नद्या धड असत्यात, मावशी,” खलाशी म्हणाला. “तुमच्यागत हप्त्याला सुट्टी घेत न्हाईत.”

आता काय करायचं ते माझ्यापुढे स्वच्छ होतं. नव्या नकाशातून ती जागा गेली पाहिजे. ती गेली की बोर्डाला साकवाचा विचार पुन्हा करावा लागेल. राहिली, तर छापली जाईल आणि पुढची कित्येक वर्षं वाडी कागदावर नदीतून चालत राहील. पण जुन्या नकाशातली खूण माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर पुसता येत नसे. तपासणीचे साहेब येऊन, पाहून सही करणार, तेव्हाच ती पुसायची. ते होळीआधी यायचे होते. मी बाईला बजावून ठेवलं, साहेबांनी उताराचं विचारलं तर नाही म्हणायचं.

साहेब आले ते नेमके रविवारी. आणि ते निघाले रत्नागिरीकडचे.

काठावर उभे राहून, छत्री जमिनीत टेकवून, त्यांनी तिला सहज विचारलं, “काय बाई, काठाला उतार बराच आहे, नाही?”

“उतार नाय!” ती ओरडली. “अजाबात नाय! कदी नव्हता!”

साहेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “मग मी तिरका उभा आहे तो कशावर?”

“ते तुमचं तुमी बगा!”

खलाशाला एकदम खोकला आला. साहेब माझ्याकडे वळले. “शिकवून ठेवलेलं दिसतंय.” मी दोन उतारांची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकून घेत होते, पण चेहरा काही सैल होईना. तेवढ्यात वाडीतला एक माणूस डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन छातीभर पाण्यातून शांतपणे चालत अलीकडे आला आणि साहेबांना रामराम घालून पुढे गेला.

“हा काय,” साहेब म्हणाले. “चालला की माणूस.”

“साहेब, आज रविवार आहे.”

“म्हणजे नदीला सुट्टी?”

“होय साहेब.”

त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. सोमवारी सकाळच्या गाडीने त्यांना कर्जतहून निघायचं होतं. पण आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा नियम होता, आणि मला त्या नियमाचा त्या दिवशी जितका आधार वाटला तितका कधी वाटला नाही. ते राहिले.

सोमवारी न्याहारी करून आम्ही काठावर गेलो. कोंबड्यावाल्याने मधे ज्या खडकावर टेकून दम घेतला होता तो अजून अर्धा वर होता. बाई वाडीची निम्मी माणसं घेऊन पलीकडे बसली होती. हळूहळू पाण्याचा रंग गढूळला, काठाची लव्हाळी वाकू लागली. खडकाची फक्त पाठ राहिली. मग तिथे नुसता एक भोवरा राहिला. मग तोही गेला. पलीकडून बायकांनी टाळ्या पिटल्या, जणू नदीने कुस्ती मारली होती.

साहेबांनी बूट काढले, खलाशांनी रात्रीत बांधलेल्या बांबूंच्या तराफ्यावर जाऊन बसले आणि बांबू स्वतः बुडवला. बांबू संपला, मग त्यांची बाही भिजली, तरी तळ लागला नाही. परत येऊन त्यांनी माझ्या कागदावर स्वतःच्या रबराने ती खूण पुसली आणि कडेला सही केली.

“उतार गेला,” ते म्हणाले.

“कंचा?” बाईने पलीकडून ओरडून विचारलं.

“घाटावरचा, बाई! तुमचा आहे तिथेच आहे!”

साहेबांनी महालकऱ्यांना, म्हणजे खालापूरच्या मुलकी अधिकाऱ्यांना, त्याच दिवशी कळवलं. बोर्डाच्या पुढच्याच सभेत साकव मंजूर झाला. लाकूड बोर्ड देणार, मजुरी वाडीने करायची. होळीला वाडीवर जे ढोल वाजले ते आमच्या तंबूपर्यंत ऐकू आले.

पण काम अजून संपलं नव्हतं. बाईला साकव जुन्याच जागी हवा होता, तिच्या पायवाटेच्या तोंडाशी. माझा भरलेला कागद सांगत होता की तिथे अलीकडच्या अंगाला पाणथळ सगळ्यात रुंद आहे. जरा वरच्या अंगाला मात्र दोन्हीकडचा कातळ नदीला चिमटीत धरतो. मी तिला कागद दाखवला. तिने तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, “लांब पडतं.”

मग मी तिला माळ्यावर चढवलं आणि हातात बांबू दिला. “खांब इथे रोवायचा ना? दाबा.” तिने दाबला. बांबू गेला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. आणखी गेला. ती बांबू तसाच सोडून खाली उतरली.

“कातळावरच करू,” ती म्हणाली. “पन तिथून बाजारापर्यंत वाट तू काढायचीस. कागदावर न्हवं, खरीखुरी.” मी कबूल झालो. खलाशांनी लव्हाळी कापून ती वाट काढली.

आता घाई माझी होती. आमच्या कामात जे उभं नाही ते नकाशावर येत नाही. आणि जे नकाशावर नाही त्याची डागडुजी पुढे कुणाच्या ध्यानात राहत नाही. माझा कागद पावसाआधी, तळ उठताना, जायचा होता. मी बाईला हे सांगितलं तेव्हा तिने वाडीकडे तोंड करून दिलेल्या हाका मला अजून आठवतात. पाणी उतरलेलं असेल त्याच दिवशी नदीत खांब उभे करता येत होते, म्हणून सगळी वाडी रविवारची वाट पाहू लागली. ऐनाचे खांब कातळाच्या खाचांत बसवून दगडांनी आवळले. एरवीच्या दिवशी काठावर फळ्या तासल्या. खलाशांनी गुरुवारची सुट्टी तिथेच घालवली. मुख्य खलाशी पाण्यात उभा राहून ठाकरांना घाटी पद्धतीने गाठ मारायला शिकवत होता आणि ते त्याला ती सोडून आपल्या पद्धतीने मारून दाखवत होते. स्वयंपाकी भाकऱ्या घेऊन आला आणि पाट परत मागून गेला.

शेवटच्या फळ्या बसल्या तेव्हा घाटावर ढग जमू लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साकवावरून सर्वांत आधी वाडीकडे गेली ती अलीकडच्या गावची सुईण, तीही कपाळाला आठ्या घालत, कारण आता तिला नाही म्हणायला काही जागा उरली नव्हती. बाईला नातू झाला.

मी कातळावर टेबल लावलं. साकवाच्या दोन्ही टोकांवर नेम धरला, रेघा घेतल्या आणि नदीच्या पट्ट्यावर दोन बारीक समांतर रेघा शाईने ओढल्या. बाई बाजाराला निघाली होती. भारा खाली ठेवून ती माझ्या खांद्यावरून वाकली.

“ह्ये काय? मुंगीचे पाय?”

“हा तुमचा साकव, मावशी.”

“येवढासा? सारी वाडी राबली रं त्याला!”

“नकाशात सगळंच लहान असतं.”

“मंग ती खोपोली केवढी काढलीस! तिथं जागा झाली, आन आमाला नाय? शाई हाय ना अजून? जाड काढ.”

रेघेची जाडी ठरवून दिलेली असते, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकलं नाही. मी नियमात बसेल तेवढं जाड टोक लावलं आणि त्या दोन रेघांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. शाई वाळेपर्यंत ती हलली नाही. मग कमरेवर हात ठेवून तिने पलीकडे हाळी दिली.

“ए पोरींनो! कागदावर चढला गं आपला साकव!”

“चढू दे!” पलीकडून उत्तर आलं. “तू भारा उचल आदी, बाजार उठंल!”